शाळासिद्धीचं स्वयंमूल्यमापन करताना शेजारच्या शाळांकडून खरंच काही शिकता येतं का?

तुम्ही जिल्हा परिषद शाळेत नव्याने मुख्याध्यापक झाला आहात आणि विचारताय की शाळासिद्धीची, म्हणजे शाळेने स्वतःला तपासण्याच्या राष्ट्रीय चौकटीतली, माहिती आपण भरतोच, मग ती केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांसमोर मांडून काय मिळणार? खूप मिळतं, हा माझा अनुभव आहे. फक्त एकमेकांना श्रेणी सांगत बसू नका. एकच मानक, म्हणजे तपासायचा मुद्दा, घ्या आणि त्याचा पुरावा टेबलावर ठेवा.

शाळासिद्धीत 7 क्षेत्रं आणि 46 गाभामानकं आहेत. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांवर बोलायला गेलात तर एकावरही धड बोलणं होत नाही. सुरुवात पहिल्या क्षेत्रापासून करा, कारण तिथे संसाधनांची उपलब्धता-पर्याप्तता वेगळी आणि गुणवत्ता-उपयोगिता वेगळी तपासायची असते. ग्रंथालयाचं घ्या. स्तर 1 सर्वांत खालचा, 3 सर्वांत वरचा. पुस्तकं भरपूर म्हणून उपलब्धतेला स्तर 3, पण कपाटाला कुलूप, म्हणून उपयोगितेला स्तर 1, असं कितीतरी शाळांत दिसतं. आमच्या केंद्रातल्या एका दोनशिक्षकी शाळेत पुस्तकं आमच्यापेक्षा कमी होती, तरी उपयोगितेला त्यांनी वरचा स्तर दिला होता. पुरावा मागितल्यावर सरांनी देवघेवीची वही काढली. नोंदी चौथीच्या मुलांच्या हातच्या, काही ठिकाणी शुद्धलेखन चुकलेलं, आणि शेवटच्या रकान्यात पुस्तक आवडलं की नाही ते लिहिलेलं. पुस्तकं उघड्या फळीवर ठेवलेली, फाटली तर मुलंच चिकटवायची. त्या वहीबद्दल आम्ही जे प्रश्न विचारले, तेवढे कुठल्या प्रशिक्षणातही विचारले नसतील. पुस्तक हरवलं तर काय करता? पहिलीचं मूल नोंद कशी करतं? पालक काय म्हणतात?

भेट द्यायची तर वर्ग चालू असताना द्या आणि ‘हे असं का करता?’ हे नक्की विचारा. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (शाळांचा एक विभाग) ज्ञानरचनावादी अध्यापनासाठी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीसाठी, गाजलं, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. त्यानंतर तिथल्यासारखी आखणी करून अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. पण त्या आखणीवर मुलांनी स्वतः काय करायचं, हे जिथे समजून घेतलं गेलं नाही तिथे फक्त रंगच उरला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मूळ काम मोलाचं होतं.

खरी अडचण भीतीची असते. कमी स्तर दाखवला तर वरून विचारणा होईल, म्हणून सगळे स्तर 2 किंवा 3 लिहून मोकळे होतात. यावर केंद्रप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा. या बैठकीतलं बोलणं अहवालात जाणार नाही आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणार नाहीत, एवढं ठरलं तरी माणसं मोकळेपणाने बोलू लागतात. शक्य असेल तर आधी तुमच्या शाळेचा सर्वांत कमकुवत भाग तुम्हीच मांडा. सुरुवातीला सगळं केंद्र नको, पायी किंवा दुचाकीवरून सहज जाता येईल अशा दोन-तीन शाळा पुरेत.

आणि तुमचं स्वयंमूल्यमापन शाळा व्यवस्थापन समितीपुढेही वाचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, शाळा विकास आराखडाही तीच करते. ‘मुलगी घरी पुस्तक आणते का?’ याचं उत्तर आईकडूनच मिळेल. ते तुम्ही लिहिलेल्या स्तराशी जुळत नसेल, तर आराखड्यात पहिलं काम तेच घ्या.