साताऱ्यात भावाचा स्किझोफ्रेनिया सांभाळून आई पार थकली आहे. घरच्यांसाठी काही मदत मिळते का?

हो, मिळते; आजच आईला 14416 लावून द्या. हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत असतो, मराठीत बोलता येतं आणि काळजी घेणाऱ्या माणसाचंही ऐकून घेतात. नऊ वर्षं बहिणीला सांभाळतोय, त्यावरून सांगतो: घरचा माणूस सगळ्यात आधी झोपेनं खचतो. आमची आई दाराच्या कुलपाची किल्ली उशाखाली ठेवून निजायची, जरा खुट्ट झालं की उठून बसायची. म्हणून आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तरी पाळी तुम्ही घ्या, आईला दुसऱ्या खोलीत दार लोटून झोपू द्या. गोळ्या देणं हेही एकट्या तिचंच काम नको. खर्चाचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे. प्रमाण 40 टक्के किंवा जास्त भरलं तर बऱ्याच योजनांसाठी अर्ज करता येतो. मात्र भाऊ अंगावर धावून येत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका, 112 लावा आणि थेट रुग्णालय गाठा.