आवडलेलं वाक्य आधी काढ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीवरून केलेली तुझी पटकथा वाचली. १६४ पानं. पानाला साधारण एक मिनिट धरलं तर पावणेतीन तास होतात, पण माझी तक्रार लांबीची नाही. त्या पानांत कादंबरीचा नायक सतत बोलतोय. पडद्यावर तो समोर दिसत असतानाही मागून त्याचाच आवाज चालू. आणि वर तू विचारतेस, ‘सर, पुस्तकाशी प्रामाणिक राहू की सिनेमाशी?’

हा प्रश्न तुला कुणी शिकवला? ठाण्यात गडकरी रंगायतनच्या बाहेर चहा पीत उभी राहणारी मंडळी (त्यांत मीही आलो) वर्षानुवर्षं हाच प्रश्न चघळतात आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघून जातात. तुला सिनेमा करायचाय. म्हणून एकच सांगतो, आणि पत्र संपेपर्यंत तेच सांगणार आहे: कादंबरीतलं जे वाक्य तुला सगळ्यात जास्त आवडलं, ते पटकथेतून आधी काढ.

तुझ्याच पान ४३ वर ये. नायकाच्या वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडते. कादंबरीत त्यावर एकच ओळ आहे: त्या दिवसानंतर बाबा आमच्या घरात पाहुण्यासारखे राहू लागले. सुंदर ओळ आहे, मलाही हेवा वाटला. तू काय केलंस? बाबांना खिडकीशी बसवलंस आणि ती ओळ नायकाच्या आवाजात वाजवलीस. आता प्रेक्षकाने करायचं काय? खिडकीशी बसलेला एक माणूस दिसतोय, आणि त्याच्याकडे बघून काय वाटून घ्यायचं तेही कानात सांगून झालंय.

ती ओळ खोडून बघ. लगेच अडशील. हा माणूस पाहुणा झालाय हे आता कळणार कसं? हे अडणं म्हणजेच तुझं काम, बाकी सगळं टायपिंग. पाहुणा काय करतो? फ्रिज स्वतः उघडत नाही. डब्यातली शेवटची पोळी घेत नाही. आतल्या खोलीत बायको आणि मुलगी बोलत असतील तर आधी खाकरतो. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आपलं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवतो. बेल वाजली की बनियनवर शर्ट चढवतो. यातलं एक निवड. सगळं घेतलंस तर पुन्हा निवेदनच झालं, फक्त हातवाऱ्यांनी केलेलं.

मी असतो तर पंखा घेतला असता. ठाण्याचा मे महिना, दोन खोल्यांचं घर, बाबा घामाने निथळतायत आणि पंखा बंद. विजेच्या बिलाबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आई स्वयंपाकघरातून येते, त्यांच्याकडे न बघता बटण दाबते, परत जाते. बघ, ओळीत आई नव्हतीच, सीनमध्ये आली. तिला कळलंय, आणि कळलंय हे ती त्यांना कळू देणार नाही. एक ओळ काढलीस आणि एक माणूस मिळाला. हा सौदा तोट्याचा आहे का, सांग.

तू सत्यजित राय यांचं नाव घेतलंयस म्हणून तिकडे जातो. ‘पथेर पांचाली’. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ ची, सिनेमा १९५५ चा. पुस्तक रायना पाठ असावं. त्याच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती. दुर्गा वारल्यावर तिचा बाप हरिहर गावी परततो, आणलेल्या वस्तू एकेक दाखवू लागतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. आई सर्वजया कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं आणि ऐकू येते तारशहनाई. राय यांनी वाक्य तर सोडाच, हंबरडासुद्धा काढून टाकला! पुढे अपूला दुर्गाने लपवलेली माळ सापडते, तो ती तळ्यात फेकतो, शेवाळ बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. बहिणीने चोरी केली होती, हे आता कुणालाच कळणार नाही. यावर कुणी काही बोलत नाही. तुझ्या हातात हा प्रसंग असता तर तू मोठ्या झालेल्या अपूचा आवाज घातला असतास, हे मी पैजेवर सांगतो.

आता तुझा युक्तिवाद. तू पनवेलची, त्यामुळे ‘जैत रे जैत’ आडवं घालणार हे माहीतच होतं. कर्नाळ्याचा तो सुळका तुम्ही लोक घरचा असल्यासारखा मिरवता. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा, आणि त्यात गाणी गोष्ट सांगत राहतात. मग सांगणं चालतं की नाही, असा तुझा प्रश्न. अगं, ती गाणी ना. धों. महानोरांची आहेत! कादंबरीतली आवडती वाक्यं उचलून नाग्याच्या तोंडी दिलेली नाहीत. सिनेमासाठी नवे शब्द लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या, आणि मधाच्या पोळ्याला हात घालणारा तो एकटा माणूस अख्ख्या ठाकरवाडीचा झाला. दांडेकरांच्या गद्याचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. माझा नियम इथे मोडत नाही. (मोडतो असं म्हणणारे मित्र मला आहेत. ते अजून वाद घालतात, मी अजून ऐकत नाही.)

‘श्यामची आई’तलं पायाची घाण आणि मनाची घाण हे वाक्यही तू पुढे करशील. ते पुस्तकात आई बोलते, श्यामशी बोलते, आणि बोलण्याआधी तिने आपले ओचे दगडावर पसरलेले असतात. आधी कृती, मग बोल. लेखकाने स्वतः वर्गात उभं राहून केलेलं भाष्य नाही ते. संवाद आणि निवेदन यांतला फरक तुला समजावत बसावं लागणार असेल तर अवघड आहे.

‘सिंहासन’ मात्र नीट बघ, घाईत नको. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, मिळून विजय तेंडुलकरांनी १९७९ च्या सिनेमाची पटकथा केली. दोन पुस्तकांचा एक सिनेमा, म्हणजे किती आवडती पानं गेली असतील विचार कर. दिगू टिपणीस हा पत्रकार, सगळं ठाऊक असलेला. शेवटी त्याच्या तोंडी एक दमदार भाषण देता आलं असतं, टाळ्याही पडल्या असत्या. दिगू झालेले निळू फुले तिथे वेड्यासारखे हसत सुटतात. बस.

राहिला वाचकांच्या रागाचा मुद्दा. ‘दुनियादारी’चा शेवट बदलला तेव्हा कादंबरीप्रेमींनी वाद घातले, आणि तरी २०१३ साली लोकांनी थिएटरं भरली. शेवट बदल, नको बदलूस, त्याबद्दल मला ठाम मत नाही. ज्याला पुस्तक हवंय त्याच्यासाठी पुस्तक कपाटात शाबूत आहे. तू ते फाडत नाहीयेस.

मी इतका हट्टाने का लिहितोय, तेही सांगतो. फार वर्षांपूर्वी नौपाड्यात राहणाऱ्या एका लेखकाच्या कादंबरीवर मी पटकथा केली होती. निर्माता तयार, लेखक खूश. मग लेखक म्हणाले, पहिला परिच्छेद तेवढा राहू दे, कुणीतरी मोठ्या नटाच्या आवाजात वाचून घेऊ. निर्मात्याला नटाचं नाव ऐकूनच बरं वाटलं. मी नाही म्हणालो. तो परिच्छेद मला तोंडपाठ होता, आजही आहे, म्हणूनच नाही म्हणालो. काम माझ्या हातून गेलं. दुसऱ्याने परिच्छेद ठेवला, आणखी चार घातले, सिनेमा आला आणि आठवड्यात उतरला. तो निवेदनामुळेच पडला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. संगीतही वाईट होतं.

पुढे ते लेखक आणि मी मराठी ग्रंथसंग्रहालयात समोरासमोर यायचो. त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. याचं वाईट वाटतं, आणि वयाबरोबर ते कमी होत नाही. पण म्हणून तो परिच्छेद ठेवायला हवा होता का? नव्हता. आज कुणी तीच पटकथा पुढ्यात ठेवली तर आजही पहिली काट तिथेच मारीन. तू म्हणशील, म्हातारा हटवादी आहे, हातचा सिनेमा घालवून बसला आणि मला शिकवतोय. म्हण. आणि मग पान ४३ उघड.

याच कारणासाठी तुझ्या कराराची मला काळजी आहे. तुझ्या लेखकांनी फोनवर ‘कर गं, कर’ म्हटलं म्हणजे हक्क मिळाले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ वाच. हस्तांतर लेखी लागतं, त्यावर सही लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाहीस की तो निसटतो. सिनेमाच्या कामात वर्ष कसं जातं ते कळतसुद्धा नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे मृत्यूनंतरची ६० वर्षं उलटून त्यांचं लेखन सगळ्यांना मोकळं झालंय. तुझे लेखक मात्र हयात आहेत, पाचपाखाडीत राहतात आणि रोज सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारतात. तेव्हा लेखी घे, ओळखीतला नव्हे तर कॉपीराइट कळणारा वकील गाठ, आणि पटकथेबाबत अंतिम शब्द तुझा राहील हे कलम त्यात असू दे. ते नसेल तर तुझी काढलेली प्रत्येक ओळ एकेक करून परत येईल, आणि प्रत्येक ओळीबरोबर लेखकाचं दुखावलेलं मन येईल. तू भिडस्त आहेस, दुसऱ्याच फोनला विरघळशील.

आणि सहीनंतर त्यांना भेटायला जा. पटकथा घेऊन जाऊ नकोस, वडिलांचा प्रसंग तोंडी सांग. पंखा बंद आहे इथपासून सुरुवात कर.

पुढचा ड्राफ्ट गणपतीआधी आण. निवेदनाचा एकही शब्द नको. कादंबरीची तुझी झेरॉक्स, ती पिवळ्या मार्करने रंगवलेली, माझ्याकडे ठेवून जा. लिहिताना ती तुझ्या टेबलावर असता कामा नये. आठवेल तेवढ्यावर लिही, अडलीस तर फोन कर, पण दुपारी दोन ते चार नको.

तुझा,
काका (मला सर म्हणणं आता बंद कर)

ता. क. पान ७१ वर आजी भाजीवाल्याला जे बोलते ते ठेव. तो संवाद आहे.