फाडफाड वाचते, पण कळत नाही

दहावीच्या मुलांचे पालक इंग्रजीबद्दल जे सांगतात, त्यातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं. "मॅडम, वाचायला फाडफाड वाचते, पण उताऱ्याखालचे प्रश्न आले की गाडी अडते." कधी मुलगा असतो, कधी मुलगी. सेमी इंग्रजीतली मुलं असतात, पूर्ण मराठी माध्यमातली असतात, अलीकडे इंग्रजी माध्यमातलीही येतात. त्याच्या पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "व्याकरणाचा क्लास लावू का?"

क्लासचं नंतर बघू. आधी मूल अडतंय कुठे ते शोधायला हवं. ते घरच्या घरी दोन उतारे, एक मोबाइल आणि तासाभराची शांतता एवढ्यावर शोधता येतं. कसं, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी सेमी इंग्रजीतली, दहावीची. विज्ञानातले इंग्रजी शब्द तोंडावर, अक्षर सुरेख. राज्य मंडळात तृतीय भाषा इंग्रजीला ८० गुणांचा लेखी पेपर असतो आणि तोंडी परीक्षेचे, म्हणजे ऐकण्या-बोलण्याचे, २० गुण शाळेच्या हातात असतात. हिला तोंडीला १८ होते आणि पूर्वपरीक्षेच्या लेखीत ८० पैकी ३१.

आईचा हिशोब सरळ होता. "तोंडीला अठरा म्हणजे ऐकणं-बोलणं चांगलंय. मग गडबड लिहिण्यातच असणार ना?"

मी मुलीला विचारलं, "तोंडीला ऐकायला काय दिलं होतं?"

"बाईंनी धड्यातला परिच्छेद वाचला आणि प्रश्न विचारले."

"तो धडा झालेला होता?"

"हो, पाठ होता."

म्हणजे बाईंनी तो परिच्छेद वाचला नसता, तरी हिने उत्तरं दिली असती. त्या १८ गुणांनी तिच्या कानांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. या २० गुणांचं वजन सगळ्या घरांना चांगलं माहीत आहे. मार्च २०१९ च्या दहावीला भाषा विषयांचे शाळेकडचे गुण नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. गुण परत आले हे बरंच झालं. पण न शिकवलेला, न पाहिलेला मजकूर ऐकवून तपासणी झाली, तरच त्या गुणांना अर्थ आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

मग आम्ही तिची तपासणी नव्याने केली. पद्धत नीट सांगते, कारण छोट्या चुकांनी ती पार फसते.

सारख्याच अवघडपणाचे दोन उतारे घ्यायचे, प्रत्येकी साधारण १५० शब्दांचे. स्वतःच्या इयत्तेचे नकोत, दोन-तीन इयत्ता खालचे. राज्य मंडळाच्या मुलाला एनसीईआरटीचं सातवीचं पुस्तक सहसा नवीन असतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चौथ्या पातळीच्या गोष्टी फुकट मिळतात. निवडलेला उतारा मुलाने आधी पाहिलेला नसावा, ही अट सोडायची नाही. एक उतारा वाचायला द्यायचा, दुसरा फक्त ऐकवायचा.

प्रत्येकावर आठ प्रश्न काढायचे. तीन सरळ माहितीचे, दोन न लिहिलेलं ओळखण्याचे, एक शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढण्याचा, एक इंग्रजी 'ही' (he) किंवा 'दे' (they) म्हणजे नेमकं कोण हे विचारणारा आणि एक संपूर्ण उताऱ्याचा मुद्दा विचारणारा. प्रश्न तयार झाले की उतारा न दाखवता ते घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सोडवायला द्यावेत. 'सूर्य कुठे उगवतो' छापाचे प्रश्न उताऱ्याशिवायच सुटतात. ते काढून टाकायचे. चूक की बरोबर हा प्रकार इथे टाळावा, कारण डोळे मिटून ठोकलं तरी निम्मे गुण मिळतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उत्तरं मराठीतून घ्यायची. पालकांना आणि कित्येक शिक्षकांनाही हे पटायला जड जातं. पण इंग्रजीत उत्तर मागितलं की समजलं नाही की लिहिता आलं नाही, हे सांगता येत नाही. बोर्डात इंग्रजीतच लिहायचं आहे, कबूल. त्याचा सराव वेगळा करायचा.

ऐकण्याच्या उताऱ्याला थोडी जास्त तयारी लागते. मिनिटाला साधारण १२० शब्द या गतीने वाचायचं, म्हणजे १५० शब्दांना सव्वा मिनिट. शब्द तोडून, एकेक घास भरवल्यासारखं वाचलं तर नेहमीच्या बोलण्यातले जोडलेले, दबलेले आवाज मुलाच्या कानावर येतच नाहीत. आधी प्रश्न बघायला अर्धा मिनिट द्यावा, मग उतारा दोनदा ऐकवावा. प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच हवेत, आणि दोन उत्तरांमध्ये किमान दोन वाक्यांचं अंतर हवं. नाहीतर पहिलं उत्तर लिहीपर्यंत दुसरं निघून जातं आणि परीक्षा होते ती हाताच्या वेगाची. सात वस्तूंची यादी ऐकवून पाचवी कोणती असं विचारलं, तर ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. पंखा बंद करावा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवायचं असेल तर हेडफोन द्यावा. स्पेलिंगचे गुण कापू नयेत.

हिचं काय झालं? मोठ्याने वाचताना १५० शब्दांत एकही चूक नाही. बाई कौतुक का करतात ते कळलं. पण मराठीतून उत्तरं घेतली तेव्हा वाचनात आठपैकी तीन आणि ऐकण्यातही तीनच.

आई गप्प झाली. मुलगी मात्र हटून बसली. "मॅडम, इंग्लिशमध्ये लिहायला दिलं असतं तर माझी पाच-सहा तरी बरोबर आली असती." ती खोटं बोलत नव्हती. त्या बोलण्यातच तिच्या अडचणीचं मूळ होतं.

मी तिला एक उतारा दिला. सुरुवात अशी: 'द ओल्ड मिंबर ग्लॉक्ड हिज ट्राफ निअर द पोर्विन. ही वॉज व्हेरी डॉली बिकॉज द स्नेव्ह हॅड फिप्ड.' खाली तीन प्रश्न. 'हू ग्लॉक्ड द ट्राफ?' 'व्हेअर डिड ही ग्लॉक इट?' 'व्हाय वॉज ही डॉली?'

तिने मिनिटभरात सुंदर अक्षरात लिहून दिलं. द ओल्ड मिंबर. निअर द पोर्विन. बिकॉज द स्नेव्ह हॅड फिप्ड. तिन्ही बरोबर.

"छान. आता मिंबर म्हणजे काय ते सांग."

तिने उताऱ्याकडे पाहिलं. "कोणीतरी म्हातारा माणूस?"

"आणि स्नेव्हने काय केलं?"

ती हसायला लागली. "मॅडम, हे शब्द खरे आहेत?"

"नाहीत. एकही नाही."

हसू थांबलं. पेन्सिलने तिने पहिल्या प्रश्नातल्या 'ग्लॉक्ड'खाली रेघ मारली, उताऱ्यातल्या 'ग्लॉक्ड'खाली मारली, आणि दोन्हींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पेपरमध्ये हेच करते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधते आणि ते वाक्य लिहिते."

"कधीपासून?"

"पाचवीपासून असेल. क्लासमध्ये असंच शिकवलंय."

हा क्षण मी घाईने पुढे ढकलत नाही. कितीतरी वर्षं या मुलीने मन लावून एक कौशल्य घोटलं होतं आणि त्यात ती तरबेज होती. फक्त ते वाचन नव्हतं. 'मला इंग्रजी जमत नाही' हे ओझं घेऊन आलेल्या मुलीला 'मी दुसरंच काहीतरी करत होते' हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. आईच्या नजरेतही फरक पडला. तोवर तिला मुलगी आळशी वाटत होती.

ऐकण्याच्या चाचणीवर माझा एवढा भर का, ते इथे कळतं. ऐकताना उचलायला समोर काही नसतं. आवाज गेला की गेला, हाती राहतो तो फक्त समजलेला अर्थ. कागदावरचा उतारा मुलाला लपायला जागा देतो, ऐकलेला देत नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे.

यामागचा विचार माझा नाही. गफ आणि टनमर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. गुणाकार, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. वाचनावर बरंच काही लिहिलं गेलंय, पण समोर बसलेल्या मुलाचं काय करायचं हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

हिचं मोठ्याने वाचणं पक्कं होतं, ऐकून समजणं कच्चं. तेव्हा काम अर्थावर करायचं होतं. उलट चित्रही दिसतं. ऐकून आठपैकी सात, वाचून तीन. अशा मुलाला भाषा येते, गुंता अक्षरांत आहे. त्याला मोठ्याने वाचायला लावून चुका मोजाव्यात. शंभर शब्दांत दहाहून जास्त अडले तर तो मजकूर त्याला पेलणारा नाही. आधी डोळे तपासावेत. मराठी वाचतानाही तीच अडखळ असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीची, तपासणी टाळू नये. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत ती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डात जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. 'लोक काय म्हणतील' म्हणून दहावीपर्यंत थांबलेली घरं पाहिली की वाईट वाटतं.

तिसरी मोजणी बहुतेक जण विसरतात. त्याच अवघडपणाचा मराठी उतारा आणि तसेच आठ प्रश्न. न लिहिलेलं ओळखण्याचे प्रश्न मराठीतही चुकत असतील, तर दुखणं इंग्रजीचं नाही, एकूण वाचनाचं आहे. हिला मराठीत आठपैकी सात होते. मोठा दिलासा.

मग अर्थ कुठे निसटत होता? शब्द तर तिला येत होते. 'फोटोसिंथेसिस' येत होता, 'एन्व्हायरन्मेंट' येत होता. तिच्या चुकलेल्या उत्तरांवरून बोट फिरवलं तेव्हा जी यादी निघाली, ती अशा बहुतेक मुलांची असते: हार्डली, अनलेस, दो (though), यूज्ड टू, फ्यू. 'ही हार्डली स्टडीड' याचा अर्थ तिने ठामपणे सांगितला, "त्याने खूप अभ्यास केला." 'हार्ड' दिसला ना! एवढ्याशा शब्दाने वाक्य उलटं होतं आणि उतारा तिथून भलतीकडे जातो. ऐकताना 'कॅन' आणि 'कान्ट', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'ही'ज' आणि 'हिज' यांची गल्लत. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून यातलं काहीच सुधारत नाही.

सराव ठरवला तो रोज वीस मिनिटांचा. शंभर-दीडशे शब्दांचा तुकडा आधी नुसता ऐकायचा आणि काय कळलं ते आईला मराठीत सांगायचं. मग तोच तुकडा मजकूर समोर ठेवून ऐकायचा, निसटलेल्या जागी खूण करायची. मग स्वतः मनात वाचायचा. शेवटी पुस्तक मिटून दोन वाक्यांत सांगायचा. तुकडा निवडताना दर शंभर शब्दांत दोन-तीन नवे शब्द चालतील. पाचच्या वर गेले तर संदर्भावरून अर्थ काढणं अशक्य होतं आणि मूल पुन्हा शब्द जुळवायला लागतं. व्हॉइस ऑफ अमेरिका या प्रसारण संस्थेचे शिकणाऱ्यांसाठीचे मुद्दाम संथ, सोप्या इंग्रजीतले जुने कार्यक्रम यासाठी फार उपयोगी. १९५९ मध्ये त्यांनी ही पद्धत सुरू केली. एकाच आवाजाची सवय नको, म्हणून दोन-तीन वेगळे आवाज ऐकवावेत.

आईला इंग्रजी येत नव्हतं. "मग मी कशी तपासणार?" तिने विचारलं. तपासायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. मुलीने सांगितलेली गोष्ट आईला कळली नाही, मध्येच तुटली, की आई विचारणार, "मग पुढे काय झालं? तो का चिडला?" मुलीला उताऱ्यात परत जाऊन बघावं लागणार. इंग्रजी न येणारी आई या कामाला उत्तम, कारण ती रिकाम्या जागा मनाने भरत नाही.

पेपरसाठी एकच नियम दिला. उत्तर लिहिण्याआधी ते मनात मराठीत म्हणायचं. म्हणता आलं तरच वाक्य उचलायचं, आणि उचलताना प्रश्नाला नको असलेला भाग गाळायचा. अख्खं वाक्य उतरवणं बंद.

सुरुवातीला तिचे गुण थोडे घसरले. जुनी युक्ती सोडली आणि नवी सवय अजून मुरलेली नव्हती. इथे घरं घाबरतात आणि गाइडकडे वळतात. हिच्या आईने धीर धरला, त्याचं श्रेय तिचंच. आधी ऐकणं वाढलं, आठपैकी पाच-सहापर्यंत. वाचनाचे गुण त्यामागून हलले. बोर्डात लेखीला ८० पैकी ५४ पडले. निबंध आणि पत्र तिथेच राहिले होते, वाढले ते उताऱ्यांचे गुण.

घरी हे करणार असाल तर फेरतपासणी दोन महिन्यांनी करा, त्याआधी नको. उतारे नवे, शब्दसंख्या तीच, आठ प्रश्नांचे प्रकार तेच आणि वाचून ऐकवणारी व्यक्तीही तीच. यातलं काही बदललं तर आधीच्या आकड्याशी तुलना होत नाही. दहावीचं मूल असेल तर पहिली तपासणी दिवाळीच्या आधी उरकावी, म्हणजे पूर्वपरीक्षेपूर्वी दुसरी करायला वेळ मिळतो. नववीच्या मुलासाठी उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यात सोयीची.