बाईकच्या चाकांचा रंग उडालाय आणि पुढचं चाक घरघरतंय. आधी पावडर कोटिंग करून घेऊ की बेअरिंग बदलू?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: गाडी बरेच दिवस उघड्यावर उभी होती, अलॉय व्हीलचा रंग फुगून सुटायला लागलाय, पुढच्या चाकातून घरघर येते आणि कुपवाड एमआयडीसीत कोटिंग करून घ्यायचा विचार आहे. मी मिरजेत दुचाकीचं गॅरेज चालवतो, हे काम नेहमीचं आहे. क्रम असा ठेवा: आधी जुनी बेअरिंग बाहेर, मग कोटिंग, आणि नवी बेअरिंग सगळ्यात शेवटी. यात उलटसुलट केलंत तर दोन्हीचे पैसे पाण्यात.

पावडर कोटिंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्कं होतं. बेअरिंगच्या तोंडावरचं रबर सील आणि आतलं ग्रीस या तापमानाला टिकत नाही. रबर कडक होतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं. वरून बघाल तर बेअरिंग नवंकोरं, पण काही महिन्यांत पुन्हा खरखर सुरू. त्यामुळे कोटिंगला चाक देताना ते अगदी उघडं द्या. टायर, व्हॉल्व, डिस्क, ऑइल सील, मागच्या हबमधले (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) डॅम्पर रबर, सगळं काढून.

कोटिंगवाल्याला दोन गोष्टी आधीच विचारा. पहिली, जुना रंग कशाने काढणार? कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवणार असतील तर चाक देऊच नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. बारीक ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोराचा मारा, किंवा ॲल्युमिनियमला चालणारं पेंट रिमूव्हर बरं. दुसरी, बेअरिंगचं घर, म्हणजे हबमधली बेअरिंग बसते ती गोल जागा, झाकणार का? ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन (०.०६ ते ०.१ मिमी) असतो. घराच्या दोन्ही बाजूंनी तो चढला की व्यास ०.१२ मिमी किंवा त्याहून जास्त कमी होतो, आणि तेवढ्यावर बेअरिंग आत जातच नाही. मग कोणीतरी पॉलिश पेपरने घासून जागा करतं, घराचा गोलपणा जातो, आणि पुढे बेअरिंगची बाहेरची रिंगच हबमध्ये फिरायला लागते. असं चाक नंतर लेथवर नेऊनसुद्धा नीट होईल याची खात्री नाही. घर, डिस्क बसते ती जागा, एक्सलचे टेकू आणि बोल्टचे आटे यांवर उष्णतेची टेप किंवा सिलिकॉनचं बूच हवंच. ब्लास्टिंगच्या आधीही हे झाकलेलं असावं.

रंग निघाल्यावर चाक हातात घेऊन उजेडात बघा. आऱ्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली किंवा रिमचा काठ खड्ड्यात आपटून वाकलेला असेल तर त्यावर रंग चढवू नका. रंगाखाली चीर झाकली जाते, भरत नाही. दुसरं चाक बघा.

आता बेअरिंग. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा, टायर वर आणि खाली धरून आलटून पालटून ढकला. खटखट हलत असेल तर बेअरिंग गेलंय. चाक हळू फिरवताना फोर्कच्या खालच्या टोकाला हात लावा, खरखर बोटांना कळते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची बेअरिंग मी उघडली आहेत. आतलं ग्रीस दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं झालेलं आणि त्यात बारीक गाळ. रबर सील धूळ अडवतं, बुडणं सोसत नाही. वॉशिंग सेंटरवर एक्सलवर रोखलेला जोराचा फवाराही हेच करतो.

जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच आणा. ६३०१ म्हणजे १२ मिमी भोक, ३७ मिमी बाहेरचा व्यास, १२ मिमी जाडी. चाकाला दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या, नंबरापुढे २आरएस असतं. एसकेएफ, एनबीसी, एफएजी यांपैकी कुठलंही चालेल, पण अधिकृत विक्रेत्याकडूनच. नक्कल बाजारात भरपूर आहे. बेअरिंग एका बाजूचं बदलू नका, दोन्ही बदला, सोबत ऑइल सीलही.

बसवताना हब हीट गनने १०० अंशांच्या आसपास गरम करा आणि बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त पसरतं, ३७ मिमीच्या घरात ८० अंशांच्या वाढीवर साधारण ०.०७ मिमी. तेवढ्याने बेअरिंग हलक्या ठोक्यांनी बसतं. ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर. त्यासाठी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंवा मापाचं सॉकेट वापरा. आतल्या रिंगवर हातोडा पडला की गोळ्यांचे ठसे त्या फिरतात त्या रिंगेच्या खाचेवर उमटतात, आणि ते बेअरिंग बसवायच्या आधीच गेलं समजा.

आता डिस्टन्स पाईप, म्हणजे दोन बेअरिंगच्या मधली नळी. ही विसरलेली चाकं माझ्याकडे येतात. एक्सल आवळला की दाब या नळीवरून दोन्ही आतल्या रिंगांना जातो. नळी नसेल तर आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, चाक जड फिरतं, बेअरिंग तापतं आणि लवकरच जातं. डिस्कच्या बाजूचं बेअरिंग आधी पूर्ण खाली बसवा, नळी टाका, मग दुसरं बेअरिंग नळीला जेमतेम टेकेपर्यंतच ठोका. हबच्या तळाला लागलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. बोट घालून बघा, नळी थोडी अडकत आडवी सरकली आणि दोन्ही आतल्या रिंगा मोकळ्या फिरल्या की जमलं.

नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा, अंदाजाने नाही. एक्सलला स्प्लिट पिन असेल तर नवी घाला. टायर चढवताना रिमच्या काठाला प्लॅस्टिकचे संरक्षक लावायला सांगा, नाहीतर लोखंडी पट्टी नव्या रंगाचे टवके उडवते. ट्यूबलेस असेल तर टायर बसतो त्या कडेवर कोटिंगचे गोळे राहिलेत का तेही बघा, तिथूनच हवा हळूहळू निघते.