अश्दोदची बातमी तुला ठाण्याहून का कळावी?

"मावशी, आम्ही ठाण्याहून इस्रायलमध्ये अश्दोदला आलो त्याला आता वर्ष होईल. आई दिवसभर न्यूज चॅनल लावून बसते आणि काही दाखवलं की रडत फोन करते. मला अजून हिब्रू धड वाचता येत नाही, त्यामुळे इथे काय चाललंय ते मलाच तिच्याकडून कळतं! मिस्टर म्हणतात फोन उचलूच नकोस. काय करू?"

बाळा, फोन उचलायचं अजिबात बंद करू नकोस. इथे तू फोन उचलला नाहीस की तिकडे तिच्या डोक्यात नको ते येणार, मग ती नातेवाईकांना फोन लावत सुटणार.

पण खरी अडचण आईची नाहीये गं, तुझी आहे. तू राहतेस अश्दोदला आणि बातमी घेतेस ठाण्याच्या टीव्हीवरून. तिकडे पट्टी येते 'इस्रायल हादरलं', आता ते पार उत्तरेच्या टोकाचं किर्यत श्मोना गाव आहे की तुझी गल्ली हे आईला कसं कळणार, किर्यत श्मोना तुझ्यापासून दीडशे किलोमीटरपेक्षा लांब आहे हे तिला कोणी सांगितलंय का? ते तूच सांगायचं, आणि त्यासाठी आधी तुला माहीत पाहिजे.

पिकुद हाओरेफचं, म्हणजे हल्ल्याचा इशारा देणाऱ्या लष्करी विभागाचं ॲप इंग्लिशमध्येपण आहे, ते घे आणि त्यात आपला एरिया टाक. मग व्हिडिओ कॉलवर आईला तुमची ममाद, म्हणजे घरातली सुरक्षित खोली दाखव, ते जाड लोखंडी दार, आतल्या पाण्याच्या बाटल्या, मुलांची खेळणी, सगळं. अश्दोदला सायरन झाल्यावर ४५ सेकंद मिळतात आणि तुम्ही तेवढ्यात आत पोचता, हे तिला स्पष्ट सांग. "काही नाही गं, सगळं ठीक" असलं गुळमुळीत बोलू नकोस, आयांना ते लगेच कळतं.

हिब्रूचं म्हणशील तर बिल्डिंगच्या लिफ्टजवळ वाद बायितचे, म्हणजे आपल्या सोसायटी कमिटीचे कागद लागतात ना, तिथून सुरू कर. पाणी कधी जाणार, जिना कधी धुणार, असलंच असतं. फोटो काढ, शेजारणीकडून वाचून घे. उल्पान, म्हणजे हिब्रूचा क्लास, अर्धवट सुटला असेल तर परत चौकशी कर. आणि एक, मुलं शाळेत भराभर शिकतात म्हणून घरातल्या बातम्या त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस, आठ-नऊ वर्षांच्या पोराने आईला हल्ल्याची बातमी समजावून सांगायची हे मला अजिबात पटत नाही.

अश्दोदमध्ये आपली बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातून आलेली ज्यू मंडळी बरीच आहेत, शनिवारी शाबाथला आपल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जा, मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाच्या विधीचं बोलावणं आलं तर टाळू नकोस. तिथल्या म्हाताऱ्या बायका मराठीत बोलतात, त्यांनी इथली युद्धं बघितलीत, त्यांच्याही आया एकेकाळी मुंबईत, अलिबागला पत्राची वाट बघत बसायच्या. त्यांच्यातल्या एखादीला तुझ्या आईशी फोनवर बोलायला सांग, तुझ्यापेक्षा आई तिचं जास्त ऐकेल.

आणि फोनची वेळ ठरवून टाक. रोज संध्याकाळी पाच मिनिटं, आणि शुक्रवारी दुपारी, शाबाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी, निवांत. मधे इथे खरंच काही झालं तर तिने टीव्हीवर बघायच्या आत तू दोन ओळींचा मेसेज टाकायचा. शुक्रवारच्या फोनवर मिस्टरांनापण बसव, सासूबाईंशी त्यांनी स्वतः बोलावं, कारण आईला तुझी जेवढी काळजी आहे तेवढीच जावयाचीपण आहे.