पोरं सगळंच उचलतात

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना तू रविवारी खिचडी देतोस, याचा मला फार आनंद आहे. सोसायटीतली पोरं फोटोपुरती येतात आणि टोप घासायच्या वेळी पसार होतात, म्हणून तू वैतागलायस. पण गेल्या रविवारी मी बाजूला उभा होतो. तेव्हा जे दिसलं ते तुला सांगायलाच हवं.

बिहारकडची एक आजी डबा पुढे करून म्हणाली, मुलासाठी अजून थोडी दे. तू दिलीस, पण कपाळाला आठी घालून, तिच्याकडे न बघता. शेजारी नववीतला तो चष्मेवाला पोरगा पाणी देत होता. त्याच्याकडे कुणी दुसरा ग्लास मागितला, तर त्याच्या कपाळावर हुबेहूब तुझी आठी! टोप घासणं त्याने तुझ्याकडून अजून घेतलेलं नाही. आठी मात्र घेतली.

श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसेच इतर वागतात, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला 21वा श्लोक सांगतो. मला त्यात गौरवापेक्षा इशारा जास्त दिसतो. बघणारे आपलं चांगलं तेवढं निवडून घेत नाहीत. त्याच अध्यायातला 26वा श्लोकही वाच. फळाच्या ओढीने काम करणाऱ्यांचं मन डळमळीत करू नये, जाणत्याने स्वतः नीट कर्म करत त्यांनाही कामाला लावावं, असं तो म्हणतो. तेव्हा फोटोसाठी आलेल्या पोराला टोमणा मारू नकोस. आला ना तो!

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालायचा, कीर्तन रात्री. लोकांना पाया पडू देत नसत. ते 1956 साली गेले, पण दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात. तू धरलेली वाट तीच आहे.

राहिली साधना. सेवा हीच पूजा, वेगळं बसायला वेळ नाही, असं तू लिहिलंस. हे मला अजिबात पटत नाही. आठी दिसते रविवारी, पण ती घडते सोमवार ते शनिवार, लोकलच्या गर्दीत आणि ऑफिसात. सकाळी अंघोळ झाली की फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि थोडा वेळ नाम घे. मन पळेल. त्याच्यावर न चिडता ते परत आण. पुन्हा पळालं तर पुन्हा आण. जपात खरा सराव हाच होतो, आणि आजीने डबा दुसऱ्यांदा पुढे केला की तोच कामाला येतो. रात्री झोपताना एवढं आठव, की आज कुणाकडून आभाराची वाट पाहिली. एकादशी धरलीस तर घराबाहेर बोलू नकोस.

येत्या रविवारी डाव त्या चष्मेवाल्याच्या हातात दे आणि तू टोप घासायला बस. त्याला घासायला ये म्हणू नकोस. आजी दिसली तर तिने मागायच्या आत डबा भर, एवढंच त्याला सांगून ठेव. कांदे चिरायला मी सकाळीच येतो.

तुझा,
काका