निगेटिव्ह फीडबॅक वाढवत नेला तर अ‍ॅम्प्लिफायर आणखी स्वच्छ वाजेल का?

तुम्ही विचारलंय: निगेटिव्ह फीडबॅकने, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग इनपुटमधून वजा केल्याने, डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) कमी होतं, तर चिपवर बांधलेल्या घरच्या अ‍ॅम्पचा फीडबॅक रेझिस्टर बदलून तो आणखी वाढवायला काय हरकत आहे? आणि ‘फीडबॅकने गाण्यातला जीव जातो’ असं काही लोक का म्हणतात?

हरकत आहे. कॉलेजात असताना मी हेच केलं होतं. पुण्यात तपकीर गल्लीतून पार्ट आणून अ‍ॅम्प बांधला, वीसपट गेनचा, म्हणजे सिग्नल वीसपट मोठा करणारा. तो पाचपटीवर आणला, म्हणजे फीडबॅक चौपट झाला. अ‍ॅम्प चालू केला, स्पीकरमधून काहीच आवाज नाही, पण दोन मिनिटांत हीटसिंकला (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) बोट टेकवेना. गाणं लावलं तर खरखर, आणि थोड्या वेळाने ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळाला. लॅबमधल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं तेव्हा कळलं: आउटपुटला दहा लाख हर्ट्झच्याही वरची लाट अखंड चालू होती. कानाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या वायरने मी निगेटिव्ह फीडबॅक देत होतो, तीच वायर त्या फ्रिक्वेन्सीला पॉझिटिव्ह फीडबॅक देत होती, म्हणजे आउटपुट वजा न करता इनपुटमध्ये मिळवत होती.

सगळी मेख इथेच आहे. फीडबॅक निगेटिव्ह की पॉझिटिव्ह हे नुसत्या वायरिंगवर ठरत नाही, आउटपुट किती उशिराने परत येतं त्यावरही ठरतं.

आधी फायदा बघू. समजा 1 किलोहर्ट्झला चिपचा स्वतःचा गेन 8000 आहे आणि आपल्याला 20 हवाय. आउटपुटचा विसावा भाग इनपुटमधून वजा करायचा. 8000 भागिले 20 म्हणजे 400. ढोबळमानाने तितक्या पटीने डिस्टॉर्शन खाली येतं. चिप तापून तिचा गेन निम्मा, 4000 झाला तरी बाहेरचा गेन 19.95 वरून 19.90 होतो, बस. अ‍ॅम्पचा स्वभाव मग ट्रान्झिस्टर ठरवत नाहीत, दोन साधे रेझिस्टर ठरवतात. मला आजही हे विलक्षण वाटतं.

ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या हॅरॉल्ड ब्लॅकची. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक जण आपली थोडी घाण आवाजात मिसळत असे. 2 ऑगस्ट 1927 ला सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत ब्लॅकला उत्तर सुचलं आणि त्याने ते हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर लिहून काढलं. पेटंट मिळायला मात्र 1937 उजाडलं. तोवर फीडबॅक म्हणजे अमेरिकन संशोधक आर्मस्ट्राँगच्या रेडिओतला पॉझिटिव्ह फीडबॅक: एकाच व्हॉल्व्हमधून (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळीतून) कितीतरी पट गेन काढायचा आणि शिट्टी वाजायच्या काठावर थांबायचं. मुद्दाम गेन फेकून द्यायचा, ही गोष्ट पचायला सोपी नव्हती.

आता उशिराचं बघा. अ‍ॅम्पमधला प्रत्येक टप्पा वरच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल मागे पाडतो, एकेक टप्पा जवळपास 90 अंशांपर्यंत (पूर्ण लाट म्हणजे 360 अंश). दोन-तीन टप्प्यांचा उशीर मिळून 180 अंश झाला की वजाबाकीची बेरीज होते. त्या क्षणी लूपचा गेन, म्हणजे पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंतचा गेन, 1 किंवा त्याहून जास्त उरला असेल तर अ‍ॅम्प आपणहून बोंबलायला लागतो. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर गेला की कुईं होतं, तेच. ही अट बेल लॅब्सच्याच हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये गणितात मांडली.

म्हणून डिझायनर मधल्या टप्प्यावर एक छोटा कपॅसिटर लावतो, काही पिकोफॅरडचा. तो वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन मुद्दाम उतरवत नेतो. उशीर 180 अंशांना पोचायच्या आत लूपचा गेन 1 च्या खाली यायला हवा. याची किंमत मोजावी लागते. वरच्या उदाहरणात 20 किलोहर्ट्झला मूळ गेन 8000 चा 400 होतो. तिथे सुधारणा 400 पट नाही, जेमतेम 20 पट. झांजा आणि ‘स’चा उच्चार जिथे बिघडतो, नेमकी तिथेच फीडबॅकची ताकद कमी असते.

‘जीव जातो’ या तक्रारीतही तथ्य होतं. 1970 मध्ये फिनलंडच्या मॅटी ओटालाने दाखवलं की भरपूर फीडबॅक पण आतला वेग (व्होल्टेज किती झपाट्याने बदलू शकतं तो) कमी, अशा अ‍ॅम्पमध्ये अचानक आलेल्या ठोक्याला आउटपुट मागे पडतं आणि तेवढ्यापुरता इनपुटचा टप्पा ओव्हरलोड होतो. पण दोष वेगाचा होता. 8 ओमवर 100 वॅट द्यायचे तर 40 व्होल्टचं शिखर; 20 किलोहर्ट्झला त्यासाठी मायक्रोसेकंदाला 5 व्होल्ट वेग लागतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट वेग ठेवला की तो प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट इंग्लंडचा ऑडिओ इंजिनिअर पीटर बॅक्सँडलने 1978 मध्ये मांडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एखाद्या साध्या टप्प्याला अगदी थोडा फीडबॅक दिला, तर आधी नसलेले वरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले जादा स्वर) जन्माला येतात, कारण बिघडलेलं आउटपुट परत येऊन पुन्हा बिघडतं. फीडबॅक पुरेसा वाढवला की तेही खाली जातात. म्हणजे ‘जरासा फीडबॅक बरा’ हा सल्लाच सगळ्यात वाईट.

पॉझिटिव्ह फीडबॅक ऑडिओत अगदीच टाकाऊ नाही. जुन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये आउटपुटकडून ड्रायव्हरच्या (आउटपुट ट्रान्झिस्टरना चालवणाऱ्या टप्प्याच्या) लोड रेझिस्टरकडे जाणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दिसतो ना, तो पॉझिटिव्ह फीडबॅकच आहे. बूटस्ट्रॅप म्हणतात त्याला. लूपचा गेन तिथे नेहमी 1 च्या जरा खाली असतो, म्हणून तो सुरक्षित.

तुमच्या अ‍ॅम्पपुरतं सांगतो. चिपच्या डेटाशीटमध्ये किमान गेन दिलेला असतो (एलएम3886 या ऑडिओ चिपसाठी तो 10 आहे), त्याच्या खाली जाऊ नका. फीडबॅकची वायर आखूड ठेवा. आउटपुटवर 10 ओमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी डेटाशीट सांगत असेल तर लावाच, आणि पहिल्यांदा चालू करताना स्पीकर न जोडता 8 ओमचा जाड रेझिस्टर जोडा. मग छोटी 10 किलोहर्ट्झची चौकोनी लाट देऊन ऑसिलोस्कोपवर कोपरे बघा. एक-दोनदा थरथरून लाट सपाट झाली तर ठीक. थरथर लांबत गेली तर गेन वाढवा, म्हणजेच फीडबॅक कमी करा, आणि पुन्हा बघा.